अश्लीलतेचा गज आणि आमची आजी

१९६४ सालच्या दिवाळीच्या सुटीत माझ्या ट्रंकेत एक पुस्तक सापडले. सापडले ते वडिलांना. ते तिथे आहे हे मला आठ दिवसांपासून ठाऊक होते. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही राहत असू आणि वडील तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. आमच्या दारी आकाशकंदील नसला तरी शेजारपाजारहून फराळाची ताटे येत आणि ताटांच्या मागोमाग वाचून झालेले दिवाळी अंकही येत. ताटांची परतफेड नाताळात होई, अंकांची मात्र कधी झाली नाही. त्या अंकांच्या गठ्ठ्याखालीच मी ते पुस्तक दडवले होते. एका वर्गमित्राने एस. टी. स्टँडावरून दीड रुपयाला आणलेले. वर खाकी कागद, आत भिकार छपाई आणि मध्ये चार पाने चित्रांची. चित्रे म्हणजे छायाचित्रे, कोणा परदेशी बाईची. याहून अधिक वर्णन करण्याचे कारण नाही.

वडिलांनी प्रथम एक कानशिलात दिली. मग शुभवर्तमान उघडून, डोंगरावरील प्रवचनात प्रभूने नुसत्या नजरेचाही व्यभिचारात हिशेब धरला आहे तो भाग मला मोठ्याने वाचावयास लावला. आणि मग ते पुस्तक चुलीत घालण्यासाठी स्वयंपाकघरात गेले. तिथे आजी बसली होती.

आजी म्हणजे वडिलांची आई. केडगावच्या मुक्तिमिशनात ती वाढली. १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या मुली उचलून आणल्या त्यांतली ती एक. आपले वय किती, आपले मूळचे नाव काय, हे तिला कधीच नीट सांगता आले नाही. तिने काय आहे म्हणून विचारले, आणि वडिलांनी उत्तर द्यायच्या आत पुस्तक हातातून काढून घेतले.

"आई, ते बघण्यासारखं नाही. दे इकडे."

"पोरानं बघितलं, तू बघितलंस. मी बघितलं म्हणून काय होतंय?"

तिने चष्मा चढवला, खिडकीशी गेली आणि ते चित्र उजेडात धरून, गहू निवडताना धरावे तसे, पुष्कळ वेळ पाहत राहिली. मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले होते.

"हिच्या टाचेला पट्टी आहे बघ," ती म्हणाली. "लागलंय काहीतरी. कुणाची आहे रे ही? हिला कुणी आणून विकली का काय?"

वडील वैतागले. "आई, मी याचं मन नासेल म्हणतोय, आणि तू त्या बाईचं काय घेऊन बसलीस!"

आठ दिवसांत ती चार पाने मी किती वेळा उघडली असतील याचा हिशेब नको. पण टाचेवरची पट्टी मला दिसली नव्हती.

पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो आणि चाळीस वर्षे मुलांना पानिपत आणि फ्रेंच राज्यक्रांती शिकवली. त्या काळात मुंबईच्या आणि पुण्याच्या ग्रंथालयांत फावल्या वेळी जे वाचले त्यात एका विषयाकडे मन पुनःपुन्हा ओढले जाई: अश्लील वाङ्मयाशी आम्हां ख्रिस्ती लोकांनी जो दीडशे-दोनशे वर्षे झगडा केला त्याचा इतिहास. हा झगडा आम्ही हरलो हे उघड आहे. गेल्या वर्षी माझा नातू, जो पुण्यास शिकतो आणि सुस्वभावी आहे, मला अगदी सहज म्हणाला, "आजोबा, सगळेच बघतात. त्यात काय एवढं?" त्याच्या या वाक्यापर्यंत जग कसे येऊन पोहोचले, ते मला जसे उमगले तसे सांगतो.

अश्लीलतेचा कायदा आपण इंग्रजांकडून घेतला, तेव्हा आरंभ इंग्लंडातच करावा लागेल. लंडनमध्ये हॉलीवेल स्ट्रीट नावाची एक अरुंद गल्ली होती. जुन्या पुस्तकांसाठी ती प्रसिद्ध होती आणि नव्या घाणेरड्या पुस्तकांसाठी कुप्रसिद्ध. दुराचार दडपण्यासाठी धार्मिक मंडळींनी १८०२ मध्येच एक संस्था काढली होती. ती एकेका दुकानदारावर खटले भरी, दुकानदार शिक्षा भोगून येई आणि त्याच फळीवर पुन्हा तोच माल मांडी. १८५७ मध्ये सरन्यायाधीश लॉर्ड कॅम्बेल यांनी पार्लमेंटात विधेयक आणले की दुकानाची झडती घेऊन माल जप्त करावा आणि नष्ट करावा. असली पुस्तके म्हणजे विषाची उघड विक्री असे त्यांचे म्हणणे. त्यावर लॉर्ड लिंडहर्स्ट या वृद्ध सभासदाने मोठी मौज केली. कोरेज्जो या चित्रकाराच्या एका विख्यात पौराणिक चित्राचे वर्णन करून त्याने विचारले, की हे नग्न चित्र ज्याच्या दुकानात आहे त्याच्याकडेही तुमचा शिपाई जाणार काय? कायदा अखेर झाला. पण अश्लील म्हणजे काय, हे त्यात कुणी लिहिले नाही.

ते ठरायला अकरा वर्षे लागली, आणि ठरले ते एका ख्रिस्ती माणसाच्या दुसऱ्या ख्रिस्ती माणसांशी झालेल्या भांडणातून.

वुल्वरहॅम्प्टन गावी हेन्री स्कॉट नावाचा धातूंचा एक दलाल होता. कट्टर प्रॉटेस्टंट, आणि रोमन कॅथलिकांचा हाडवैरी. कॅथलिक धर्मगुरू पापनिवेदनाच्या वेळी बायकांना कसकसले प्रश्न विचारतात हे दाखवण्यासाठी, त्यांच्याच ईश्वरविद्येच्या ग्रंथांतले लॅटिन उतारे इंग्रजी भाषांतरासह छापलेले एक चोपडे तो खरेदीच्याच किमतीत विकत असे. पोलिसांनी त्याच्या घरातून २५२ प्रती उचलल्या. नफा नाही, चवीने वाचणाऱ्यांसाठी लिहिलेले नाही, उद्देश तर त्याच्या मते शुद्ध धर्मसेवेचा! खालच्या अपिलात तो सुटलाही. पण १८६८ मध्ये प्रकरण राणीच्या वरिष्ठ न्यायालयापुढे गेले आणि सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी निकाल दिला, की लेखकाचा उद्देश काय होता हे पाहायचे नाही; ज्यांची मने असल्या प्रभावाला बळी पडण्याजोगी आहेत अशांच्या हाती हे पुस्तक पडले तर त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती त्यात आहे की नाही, एवढेच पाहायचे. खटल्यातल्या एका स्थानिक अधिकाऱ्याच्या नावावरून या कसोटीला हिकलिन कसोटी म्हणतात. प्रॉटेस्टंटाने कॅथलिकांवर फेकण्यासाठी उचललेला दगड असा कायद्याच्या पायात जाऊन बसला. मी स्वतः प्रॉटेस्टंट असल्यामुळे हे सांगताना मला थोडी लाज वाटते आणि थोडे हसूही येते.

हा गज नीट निरखून पाहा. त्याने मोजले जाते ते वाचणाऱ्याचे मन, आणि तेही सर्वांत कच्च्या वाचकाचे. माझ्या वडिलांचा गज नेमका हाच होता. त्यांनी कॉकबर्नसाहेबांचे नावही ऐकले नसेल, पण शंभर वर्षांत तो गज वकिलांच्या कचेरीतून निघून पाळकांच्या प्रवचनात आणि शिक्षकांच्या छडीत येऊन बसला होता. ज्या बाईचे चित्र काढले तिला मोजण्याची त्यावर खूणच नव्हती. स्कॉटच्या चोपड्यात चित्रे नव्हतीच. मजकुराच्या खटल्यात बेतलेला गज पुढे छायाचित्रांना लावला गेला.

आणि ज्याला मोजायला नको होते तेच त्याने प्रथम मोजले. १८७७ मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ आणि ॲनी बेझंट या दोघांवर संततिनियमनाचे एक लहानसे पुस्तक छापल्याबद्दल खटला झाला, तोही कॉकबर्न यांच्याच पुढे. शिक्षा झाली, पुढे अपिलात तांत्रिक मुद्द्यावर ती रद्द ठरली. पण बेझंटबाईंचा नवरा, जो धर्मोपदेशक होता, त्याने या प्रकरणाचा आधार घेऊन मुलगी त्यांच्यापासून काढून घेतली.

आपल्याकडे त्याच गजाखाली प्रा. र. धों. कर्वे आले. 'समाजस्वास्थ्य' १९२७ मध्ये निघाले आणि कर्व्यांवर एकाहून अधिक वेळा खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. बाबासाहेब खटला हरले आणि कर्व्यांना दंड झाला. कर्वे निरीश्वरवादी, आमच्या धर्माविषयी त्यांना काडीचाही आदर नव्हता. पण बायकांच्या शरीराचे हाल थांबावेत म्हणून जो माणूस आयुष्यभर पदरमोड करून लिहीत राहिला, त्याला आणि एस. टी. स्टँडावरच्या त्या खाकी पुस्तकाला एकाच गजाने मोजणाऱ्या कायद्याविषयी मला पुढे कधी आदर वाटला नाही.

आजीच्या प्रश्नाचा इतिहास मात्र वेगळ्याच वाटेने जातो. त्याच इंग्लंडात, त्याच काळात, जोसेफिन बटलर नावाची एक धर्मनिष्ठ बाई होती, एका अँग्लिकन धर्मोपदेशकाची पत्नी. सैनिकांना रोग होऊ नयेत म्हणून छावण्यांच्या गावांतल्या संशयित बायकांना धरून त्यांची सक्तीने तपासणी करण्याचे कायदे १८६४ पासून झाले होते. पुरुषाची तपासणी नाही, बाईची मात्र आहे, हे ख्रिस्ताच्या शिकवणीत कुठे बसते, असा बटलरबाईंचा सवाल होता. सभ्य घरच्या बाईने हे शब्द सभेत उच्चारणे हीच त्या काळी अश्लीलता. त्यांच्यावर सभांतून शेण फेकले गेले. १८८६ मध्ये ते कायदे रद्द झाले. हिंदुस्थानातल्या लष्करी छावण्यांतल्या तसल्याच व्यवस्थेविरुद्धही त्या पुढे झगडत राहिल्या.

त्यांचाच एक सहकारी विल्यम स्टेड हा संपादक. लंडनमध्ये कोवळ्या मुली विकत मिळतात हे सिद्ध करण्यासाठी त्याने तेरा वर्षांची एक मुलगी पाच पौंडांना विकत घेण्याचा बनाव रचला, साल्व्हेशन आर्मीच्या मदतीने तिला सुरक्षित ठेवले आणि जुलै १८८५ मध्ये ती हकीकत आपल्या 'पॉल मॉल गॅझेट' पत्रात क्रमशः छापली. सारे शहर हादरले. डब्ल्यू. एच. स्मिथ या मोठ्या विक्रेत्यांनी अश्लील म्हणून ते अंक विकण्याचे नाकारले! मुली विकल्या जात होत्या तोवर कुणी काही म्हटले नव्हते. विकल्या जातात असे छापले तेव्हा मात्र सभ्यतेला धक्का बसला. महिन्याभरात पार्लमेंटाने संमतिवय तेरावरून सोळा केले. स्टेडने मुलीच्या बापाची संमती घेतली नव्हती म्हणून त्याला तीन महिने तुरुंगात बसावे लागले. त्याच कायद्यात घाईघाईने घुसडलेल्या एका कलमाखाली दहा वर्षांनी ऑस्कर वाइल्ड भरडला गेला, हेही सांगितले पाहिजे. आमच्या चळवळींचे असेच होते; एका हाताने कुणाला तरी सोडवावे तर दुसऱ्या हाताखाली कुणी तरी चिरडलेले असते.

तर हा गदारोळ चालला असता रमाबाई कुठे होत्या? त्या इंग्लंडातच होत्या. १८८३ मध्ये तिथे गेल्या, त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि १८८५ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या महाविद्यालयात होत्या. बारा वर्षांनी दुष्काळाच्या छावण्यांतून हिंडताना त्यांनी काय हेरले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे: अन्नछत्रांभोवती भुकेल्या पोरी असतात आणि पोरींभोवती गिऱ्हाइके. म्हणून त्या बैलगाड्या आणि आगगाड्या भरभरून मुली केडगावला आणीत राहिल्या. आमच्या आजीने ती गिऱ्हाइके पाहिली होती. ती त्याविषयी फारसे बोलत नसे. एवढेच सांगे, की तिच्याहून मोठी बहीण आधी कुणाबरोबर तरी गेली होती आणि तो माणूस चांगले कपडे घातलेला होता.

असो. आता हरण्याची गोष्ट.

१९६० च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीवर खटला उभा राहिला. आदल्याच वर्षी नवा कायदा झाला होता आणि तज्ज्ञांच्या साक्षी काढण्याची सोय झाली होती. सरकारी वकिलांनी ज्यूरीला विचारले, की हे पुस्तक तुमच्या बायकोने किंवा नोकराने वाचावे असे तुम्हांस वाटेल काय? तोच जुना गज, कच्चे मन म्हणजे बायको आणि नोकर! ज्यूरीत बायकाही होत्या, हे बहुधा त्यांच्या ध्यानात राहिले नाही. बचावाच्या बाजूने वुलिचचे बिशप जॉन रॉबिन्सन पिंजऱ्यात आले आणि म्हणाले, की स्त्रीपुरुषांचा संबंध काही पवित्र आहे, प्रभुभोजनासारखा आहे, असे लेखकाला दाखवायचे आहे. कँटरबरीच्या आर्चबिशपांनी त्यांची जाहीर कानउघाडणी केली. पुस्तक सुटले आणि पहिल्याच दिवशी दोन लाख प्रती खपल्या.

रॉबिन्सनसाहेबांना आमच्या मंडळीतले लोक अजूनही शिव्या देतात. मला ते निम्मे बरोबर वाटतात. शरीर हे पाप नव्हे, हे त्यांनी सांगितले ते कुणी तरी सांगायलाच हवे होते. पण कादंबरीतली बाई कागदाची असते, तिच्या टाचेला काही लागत नाही. छायाचित्रातल्या बाईचे तसे नाही. हा फरक त्या दिवशी कुणी मांडला नाही, कारण खटला कागदाच्या बाईचा होता. आणि पुढे कागदाच्या बाईची सुटका ही खऱ्या बाईच्या विक्रीचा परवाना म्हणून वापरली गेली.

आपल्याकडे त्याच कादंबरीची प्रत विकल्याबद्दल मुंबईतल्या एका दुकानाच्या भागीदारांना वीस-वीस रुपये दंड झाला. मुल्कराज आनंद यांनी साक्ष देऊनही तो टळला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९६४ मध्ये तो कायम केला आणि हिकलिनचा गज थोडा घासूनपुसून पुन्हा हाती घेतला. माझ्या कानशिलात बसली त्याच्या दोन-तीन महिने आधीची ही गोष्ट. दिवाळी अंकांनाही या गजाचा प्रसाद मिळालेला आहे. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातली चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा पुण्याच्या न्यायालयात निर्दोष ठरली, उच्च न्यायालयात दोषी ठरली आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पुन्हा सुटली. सात वर्षे एका गोष्टीपायी!

त्याच १९६९ मध्ये डेन्मार्कने प्रौढांसाठी अश्लील चित्रांवरची बंदी पूर्ण उठवली. मजकुरावरची बंदी दोन वर्षे आधीच गेली होती. ल्यूथरन धर्मसंस्थेला राज्यघटनेत स्थान असलेला हा देश, जगात पहिला. वाचकाचे मन बिघडते की नाही याचा पुष्कळ ऊहापोह झाला होता, आणि बिघडत नाही असे ठरले. मुलांची तसली चित्रे विकणे गुन्हा आहे, हे कायद्यात लिहायला मात्र १९८० साल उजाडले. गज मन मोजण्यात इतका गुंतला होता, की कॅमेऱ्यासमोर कोण उभे आहे हे पाहायला त्याला अकरा वर्षे लागली.

इंग्लंडातल्या ख्रिस्ती लोकांनी एक शेवटची मोठी धडक मारली. पीटर हिल नावाचा एक तरुण धर्मप्रचारक हिंदुस्थानात काही वर्षे काढून १९७० मध्ये मायदेशी परतला आणि दुकानांतली उघडी मासिके पाहून चकित झाला. आपण गेलो तेव्हा देश असा नव्हता, असे त्याला वाटले. त्यातून १९७१ मध्ये 'प्रकाशाचा उत्सव' नावाची चळवळ उभी राहिली. देशभर टेकड्यांवर जाळ पेटवले गेले आणि ट्रॅफल्गार चौकात हजारो लोक जमले. मेरी व्हाइटहाउस या शाळामास्तरीणबाई तिच्यात होत्या; आमच्या केरळात एकेकाळी शिकवून गेलेले माल्कम मगरिज होते; आणि लखनौला जन्मलेला गायक क्लिफ रिचर्डही होता. पहिल्याच सभेत विरोधकांनी जोगिणींचे वेष घालून प्रवेश केला आणि सभागृहात उंदीर सोडले. ही हकीकत मी वर्गात सांगत असे, मुले फार खूश होत.

त्याच उन्हाळ्यात लॉर्ड लाँगफर्ड, कॅथलिक सरदार, एक खासगी समिती घेऊन कोपनहेगनला गेले आणि तिथले खेळ पाहताना मधूनच उठून बाहेर पडले. वर्तमानपत्रांनी त्यांची मनसोक्त टवाळी केली. तो माणूस आयुष्यभर तुरुंगांत जाऊन ज्यांना कुणी भेटत नाही अशा कैद्यांना भेटत राहिला, हे टवाळी करणाऱ्यांनी सांगितले नाही. १९७२ मध्ये समितीचा अहवाल निघाला. समितीत जिमी सॅव्हिल नावाचा दूरचित्रवाणीवरचा लाडका कलावंत होता. २०११ मध्ये तो वारला आणि पुढल्या वर्षी बाहेर आले, की या गृहस्थाने अनेक वर्षे रुग्णालयांत आणि शाळांत मुलींचा आणि मुलांचा छळ केला होता. अश्लीलतेचा विचार करायला बसलेल्या टेबलाशीच तो बसला होता, आणि कुणालाही काही दिसले नाही. आम्ही धर्मवाल्यांनी आपल्या चर्चमधल्या पाद्र्यांविषयी २००२ नंतर जे ऐकले, त्यानंतर दुसऱ्याच्या ट्रंका उघडताना हात थोडा थरथरायला हवा.

या सगळ्या आरडाओरडीत, माझ्या मते, एका माणसाने मूळ धरले. १९६० मध्येच, लंडनचा खटला चालू होता त्याच वर्षी, पोलंडमध्ये कारोल वोयतिवा नावाच्या एका बिशपांनी 'प्रेम आणि जबाबदारी' या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे असे, की माणूस ही वापरण्याची वस्तू नव्हे आणि प्रेमाच्या उलट काही असेल तर ते वापरणे. पुढे हेच पोप दुसरे जॉन पॉल झाले. १९७९ पासून पाच वर्षे बुधवारच्या भेटींत ते शरीर या विषयावर बोलत राहिले, आणि १९८१ च्या वसंतात त्यांनी चित्र आणि छायाचित्र यांचा प्रश्न घेतला. नग्नता वाईट असे ते म्हणाले नाहीत. शरीर ही एका माणसाने दुसऱ्या माणसाला द्यायची देणगी आहे. ती अनोळखी गर्दीच्या हाती मालमत्ता म्हणून गेली, की देणारा माणूस मागे राहतच नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

नग्नता वाईट नव्हे, हे त्यांनी करूनही दाखवले. सिस्टीन चॅपेलच्या भिंतीवर मायकेलअँजेलोने अंतिम न्यायाचे जे चित्र काढले, त्यातल्या नग्न आकृती धर्मसंस्थेला खपल्या नाहीत आणि दानिएले दा व्होल्तेरा या चित्रकाराला वस्त्रे रंगवण्याचे काम मिळाले. बिचाऱ्याला पुढे लोक 'चड्डीवाला' म्हणू लागले. १९९४ मध्ये या चित्राची सफाई पूर्ण झाली तेव्हा नंतरच्या काळातली पुष्कळशी वस्त्रे उतरवण्यात आली, आणि जॉन पॉल यांनी तिथे उपासना करून त्या चॅपेलला मानवी शरीराच्या ईश्वरविद्येचे मंदिर म्हटले. आमच्या शास्त्रात मनुष्य हा देवाचे प्रतिरूप आहे असे सांगितले आहे. प्रतिरूपाला झाकायचे की नाही हा तपशिलाचा प्रश्न. विकायचे की नाही हा मुळातला.

डोंगरावरील प्रवचनातला तो भाग, जो मी रडत रडत वाचला होता, तो मी पुढे पुष्कळदा वाचला. डोळा जर पाप करवीत असेल तर तो उपटून टाक, असे तिथे पाहणाऱ्याला बजावले आहे. बाईला एक शब्दही नाही. तिने काय ल्यावे, कुठे उभे राहावे, काही नाही. वडिलांच्या ध्यानात हे आले नसेल असे मला वाटत नाही. पण त्यांना माझी काळजी होती, आणि काळजीने माणसाला एकच बाजू दिसते.

हिकलिनचा गज आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अखेर अडगळीत टाकला. ते प्रकरण टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची सावळ्या वर्णाची वाग्दत्त वधू यांच्या एका छायाचित्राचे होते. वर्णद्वेषाविरुद्ध म्हणून दोघांनी ते राजीखुशीने काढवून घेतले होते, आणि काढणारे होते खुद्द त्या मुलीचे वडील. न्यायालयाने संदर्भ पाहिला आणि चित्र निर्दोष ठरवले. ती बातमी वाचताना मला एकदम आजी आठवली. कुणाची आहे रे ही, या प्रश्नाला एका निकालपत्रात उत्तर मिळाले होते.

पण तोवर दुकानेच उरली नव्हती. २०१५ च्या जुलैअखेरीस सरकारने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा हुकूम काढला आणि ओरड होताच चार दिवसांत सैल केला. नातवाच्या खिशातल्या यंत्राला खाकी कागद लागत नाही, ट्रंक लागत नाही आणि दीड रुपयाही लागत नाही. डिसेंबर २०२० मध्ये एका अमेरिकन वृत्तपत्राने लिहिले, की एका प्रचंड संकेतस्थळावर बळजबरीने आणि फसवून काढलेली, लहान मुलींचीही, चलच्चित्रे आहेत आणि त्या मुली ती काढून टाका म्हणून विनवण्या करून थकल्या आहेत. तेव्हा पैसे पोचवणाऱ्या कार्ड-कंपन्यांनी हात काढून घेतला आणि दहा दिवसांच्या आत लक्षावधी चित्रफिती नाहीशा झाल्या. शंभर वर्षे बिशपांनी आणि न्यायाधीशांनी जे केले नाही ते कार्ड-कंपन्यांनी दहा दिवसांत केले! मनात कुठे तरी ते सलते. तरी प्रश्न योग्य विचारला गेला होता.

नातवाला मी ही सगळी रामकहाणी सांगितली नाही. त्याच्या तोंडावर मी काही बोललोच नाही, फक्त टाचेच्या पट्टीची गोष्ट तेवढी सांगितली. तो ऐकून घेऊन बराच वेळ गप्प बसला आणि मग आजी कुठल्या गावची होती असे विचारले. ते मला सांगता आले नाही, कारण ते तिलाच ठाऊक नव्हते.

त्या दिवशी पुस्तक चुलीत गेले ते वडिलांच्या हाताने नव्हे. आजीने चित्रांची पाने आधी हलकेच वेगळी केली, प्रत्येकाची घडी घातली, मग आत सारली. पुस्तक मागाहून टाकले. आमच्या घरी रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना होई आणि आजीची यादी लांबलचक असे: पाऊस, मंडळीतले आजारी, केडगावच्या बाया, आमची गाभण शेळी, माझी परीक्षा. त्या रात्री शेवटी तिने म्हटले, "आणि त्या बाईची टाच बरी कर." मी मान वर करून पाहिले, वडिलांचे डोळे मिटलेलेच होते. पुढे १९७० मध्ये ती जाईपर्यंत ते एक वाक्य यादीतून कधी गळले नाही. ती गेल्यावर पहिल्या रात्री वडिलांनी प्रार्थना केली. पाऊस झाला, आजारी झाले, केडगाव झाले. मग ते थोडे अडखळले, आणि त्यांनी त्या बाईचेही नाव घेतले, म्हणजे नाव नव्हतेच, ती बाई एवढेच म्हणाले.